नालीतला माझा जोड

आमच्या तात्यापाऱ्यातल्या गल्लीत कावीळ आली, तेव्हा रायपूर राजधानी होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा रोज नव्या रायपूरच्या रुंद रस्त्यांवरून ऑफिसात जायचा. घरापुढची नाली मात्र तीच, उघडी. आधी समोरच्या मास्तरांकडे दोघं पिवळे पडले, मग माझी नात. अन्न पाहिलं की तिला ओकारी. डॉक्टर म्हणाला, पाण्यातून आली आहे.

मी चौथी शिकलेलो, पण जन्मभर रेल्वेत पाईप जोडले. घरचा नळही मीच घेतला होता. गल्लीतल्या मोठ्या लाईनीपासून नालीच्या आतून ओट्यापर्यंत, गळू नये म्हणून जोडाला सूत आणि सफेदा. सकाळी पाणी आलं की साऱ्या गल्लीसारखा मीही नळाला पंप लावायचो, नाहीतर टाकीत पाणी चढत नसे.

मितानिन, म्हणजे वस्तीत घरोघर फिरणारी आरोग्याची बाई, सकाळीच आली. म्हणाली, "कका, नाली के अंदर वाला पाईप देखना पड़ेगा."

"माह्या जोडातून आजवर थेंब गळला नाही. दुसऱ्यांचे पाहा."

सून दारातून म्हणाली, "बाबा, पाहू द्या न. पोट्टी तीन दिवसांपासून जेवली नाही."

"तू मले पाईप शिकवून राहिली काय?"

मितानिन चिडली नाही. तिनं पंप बंद करायला सांगितला, नळाची बारीक धार काचेच्या नळीत धरली आणि दवेचे थेंब टाकले. पाणी पिवळसर झालं. म्हणजे त्यात क्लोरीन होतं, पाणी ठीक होतं. मग म्हणाली, "अब पंप चालू करो." पुन्हा नळी भरली, थेंब टाकले. रंग आलाच नाही, म्हणजे क्लोरीन उरलं नव्हतं.

"और एक बार," मी म्हटलं. तिसऱ्यांदा नळी मी स्वतः भरली. तेच.

कोणी समजावायची गरज नव्हती. पंप ओढतो. जोडाला भेग असली तर आतलं बाहेर गळत नाही, बाहेरचं आत येतं. आणि बाहेर नाली, तिची घाण क्लोरीन खाऊन टाकते. नळाचं पाणी गेलं की तीच घाण मोठ्या लाईनीत उलटी जाणार. इतकी वर्षं मी फक्त बाहेर थेंब शोधत बसलो.

मास्तर ओट्यावरून पाहतच होते. "काहून भाऊ, थेंब गळत नाही म्हणत होता न?"

मितानिन म्हणाली, उद्या निगमची, म्हणजे पालिकेची, माणसं आणते. मी म्हटलं, नाही, माझा जोड मीच काढीन. पायजमा वर खोचून नालीत उतरलो. पाना लावला तर सूत काळं होऊन हातात आलं. पाईपाला नख जाईल एवढं भोक. मी तो तुकडा मास्तरांसमोर धरला.

"हा माहा. आता तुमचा दाखवा."

मास्तर ओट्यावरून उठले. मग आत जाऊन त्यांनी आपला पंप बंद केला.

मी नवा पाईप नालीच्या वरून टाकला. दिसायला वाईट, पायात येतो. पंप काढल्यामुळे टाकी भरत नाही. बादल्या मीच वाहतो. सून मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळते.

नातीला पुन्हा वरण-भात मागायला तीन आठवडे लागले. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर तिनं आधी आईकडे पाहिलं.

"आबा, उबला हुआ है न?"

"हव," मी म्हटलं. ती प्यायली.