शेख वकील हेगला जातात

आमच्या बाररूममध्ये खटले वर्षानुवर्षं पडून राहतात, किस्से मात्र रोज नवे दाखल होतात! छत्रपती संभाजीनगरच्या कोर्टात आम्ही तिघं वीस वर्षं एकाच टेबलावर चहा पितोय, त्यामुळे साठा मोठा आहे. पण हल्लीचे सगळे किस्से शेख वकिलांचेच. सांगताना माझा जळफळाट होतो, हे आधीच कबूल करतो.

*

हवामान बिघडवणाऱ्या देशांवर कायदेशीर जबाबदारी येऊ शकते, असं जागतिक न्यायालयानं मत दिलं. त्या दिवशी मी टेबलावर तासभर बोललो. बोलणारच! माझं एलएल.एम. आंतरराष्ट्रीय कायद्यातलं, बांधाची भांडणं मी पोटासाठी लढतो. शेख खुलताबादचे, साधे एलएल.बी. त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं आणि म्हणाले, "व्हय, म्हंजे आपल्या वावरातली घाण शेजाऱ्याच्या विहिरीत जाऊ द्यायची नाय. आमच्या आजोबालाबी ठाऊक होतं!"

सगळ्यांना अर्ध्या मिनिटात समजलं. माझा तास पाण्यात!

*

तिसरे साळवे काका, आमच्यात सर्वात ज्येष्ठ. त्यांनी विचारलं, "निकाल लागला म्हणता, मग अंमलबजावणीला बेलिफ कोण जाणार?"

"काका, तो हुकूम नाही. नुसतं सल्लागार मत आहे."

"सल्ला? आपला पक्षकार फी भरूनबी सल्ला ऐकत नाय, अन् देश ऐकतील?"

मी कलमं सांगायला लागलो, तोवर शेख म्हणाले, "नाय ऐकले तर नाय. पण दुसऱ्या कोर्टात दाखवायला कागद तर झाला!"

अगदी बरोबर मुद्दा. तो मला का सुचला नाही, याचा राग दोन दिवस टिकला.

*

दुष्काळाचा अभ्यास करायला एक परदेशी प्राध्यापिका आल्या. मी त्यांना सगळ्या पदव्या छापलेलं कार्ड दिलं. शेखनी त्यांना गरम भजी दिली आणि विहिरीची तीच गोष्ट सांगितली. महिन्याभरात हेगच्या, म्हणजे त्या जागतिक न्यायालयाच्याच शहरातल्या, परिषदेचं बोलावणं आलं. कोणाला? शेखना!

मी अभिनंदन केलं. काकांनी माझा चेहरा पाहिला आणि कँटीनवाल्याला हाक मारली, "वकीलसाहेबांच्या पोटात दुखतंय, जरा ओवा आण!"

*

जायच्या आधी शेख भाषण घेऊन माझ्याकडे आले. "रत्नपारखीसाहेब, तुम्ही शिकलेले. इंग्रजी जरा बघा की."

बघितलं. पण अट घातली, "तिथं माझं नाव घ्यायचं. पूर्ण नाव!" आयुष्यात हेगमध्ये निदान नाव तरी पोचावं, एवढीच इच्छा होती.

"लई आनंदानं!" शेख म्हणाले.

भाषणाच्या दिवशी अख्खी बाररूम एका मोबाइलभोवती जमली. शेख उभे राहिले आणि सुरुवातीलाच माझं नाव घेतलं, पूर्ण! मी कॉलर सरळ केली.

पुढचं मात्र कागदावर नव्हतं. "माझे हे मित्र पडेगावला राहतात. दुष्काळात त्यांनी आपला बोअर शेजाऱ्याच्या दुप्पट खोल नेला. शेजारच्या मास्तरांचा बोअर आटला. मास्तर विचारायला आले, तेव्हा मित्र म्हणाले, 'माझ्याच बोअरमुळं आटला, याला पुरावा काय?' मोठे देश आज हेच म्हणतात."

हा किस्सा मीच या टेबलावर टाळ्या घेत सांगितला होता.

सभागृहात समुद्रात बुडत चाललेल्या एका बेटावरच्या बाई उठल्या. त्यांनी विचारलं, "मग त्या मास्तरांना पाणी मिळालं का?"

शेख म्हणाले, "ते माझे मित्रच सांगू शकतील."

बाररूममधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कोणी हसलं नाही. काकांनी चष्मा काढून पुसला आणि हळूच विचारलं,

"काय वकीलसाहेब, पुढची तारीख घ्यायची का?"