जीनच्या पँटीचा रंग

माझा धाकटा भाऊ कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता, तेव्हाची गोष्ट. ऐंशीच्या पुढचंमागचं एखादं वर्ष असेल. मुंबईच्या मावसभावानं त्याला जीनची पँट आणली. गडद निळी, ताडपत्रीसारखी जाड. आमच्या घरातली पहिलीच. आईनं तिला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि हा दोन दिवसांत तोंड पाडून बसला. का, तर पँट नवी दिसते. कॉलेजातल्या ज्या पोरांकडं जीन होती, त्यांच्या मांड्यांवर, गुडघ्यांवर रंग उडालेला असायचा. ती पोरं याला म्हणाली, "काय पावणं, लग्नाला आलाय काय?"

मी तेव्हा एका पतसंस्थेत टायपिस्ट होते. माझ्या रोजच्या दोन साड्या धुऊन धुऊन विटलेल्या, म्हणून मी पदर लपेटून बसायची. आणि हा नव्या कापडाला रंग आहे म्हणून जेवत नव्हता. पण तेव्हा मला नुसतं हसू आलं होतं.

एके दिवशी त्यानं कुठून तरी विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरची पुडी आणली, मोरीतल्या घंगाळात ओतली, त्यात पँट बुडवली आणि कुणाला काही न सांगता क्रिकेट खेळायला गेला. आई धुणं धुवायला बसली. पोरानं पँट भिजत घातलीय, तर धुऊन टाकू, म्हणून तिनं कोपरापर्यंत हात घातले आणि घासत बसली.

मी संध्याकाळी आले तर ती हातांना खोबरेल चोपडून चुलीपासून लांब बसलेली. बोटांच्या बेचक्यातली कातडी सोलून निघाली होती.

"आगं, काय केलंस हे?"

"सोडा जास्त पडला आसंल. आग होत हुती, पर म्हटलं आता काढलंय तर धुवून टाकावं."

मोरीचं पाणी मागं अळवाच्या वाफ्यात जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं अळू भाजल्यासारखं पिवळं पडून आडवं झालेलं. भाऊ वाफ्यापाशी उभा होता. मला वाटलं, याला आता काहीतरी वाटेल. तर हा पँट उलटीपालटी करत म्हणाला, "आक्का, नुसतं पिवळं डाग पडल्यात गं. पावडर कमी पडली. आनखी एक पुडी लागंल."

मी ती पँट त्याच्या हातातून ओढून घेतली. "परत ती पावडर घरात आनलीस तर तुझ्याच डोक्यावर वतीन! आईचं हात बघितलंस काय?"

"मी काय तिला धू म्हनलोतो?"

खरंच तो म्हणाला नव्हता. त्याला कधी म्हणावंच लागलं नव्हतं.

आठ दिवस आईला भाकरी थापता आली नाही. ओलं पीठ लागलं की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ऑफिसच्या आधी मी थापायची. माझ्या भाकरी फुगायच्या नाहीत, आणि हा ताटावर बसून म्हणायचा, "हे चामडं कोन खानार?"

शेजारी शिवणकाम करणाऱ्या चाची होत्या. आईचे हात बघून त्यांनी भावाला बोलावलं आणि चांगलं झापलं. "आरं, पावडरनं कापड मरतंय. रंग उनानं जातोय, घासून जातोय. सबुरी पायजे."

"मीठ टाकू का?" त्यानं विचारलं.

"मीठ रंग धराय टाकत्यात, येड्या!"

मग त्यांनीच रीत सांगितली. रिठ्याच्या पाण्यात भिजवायची, पिळायची नाही. ओली असतानाच दगडावर पसरून मांड्या-गुडघ्यांवर विटेचा तुकडा हलक्या हातानं फिरवायचा. लिंबाची फोड चोळायची आणि भर उन्हात पत्र्यावर टाकायची. वाळली की पुन्हा भिजवायची. पंधरा-वीस दिवस. रिठ्याचं पाणी अळवाला गेलं तरी चालतंय, असंही म्हणाल्या.

मी भावाला बजावलं, "तुझी पँट, तुझं हात. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाय." तो "व्हय" म्हणाला. दोन दिवस त्यानं घासली. पुढं मी ऑफिसातून येईपर्यंत पँट पत्र्यावर वाळत असायची. उजवा गुडघा हळूहळू आभाळी होत चालला होता. मला बरं वाटत होतं. पोरगं सुधारलं म्हणून मी चाचींना सांगूनही आले.

मग एका शनिवारी ऑफिस लवकर सुटलं. मागच्या दारी आई दगडापाशी उकिडवी बसलेली. हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या, आणि त्या हातांनी ती विटेनं पँट घासत होती. चिंध्या ओल्या, निळ्या झालेल्या.

"कवापासनं?" मी विचारलं.

"दमतंय गं ते. कॉलेज आसतंय त्याला." वर बघायचीही तिची छाती झाली नाही. "तू वराडशील म्हनून सांगितलं न्हाय."

मी तशीच ओली पँट उचलली आणि पाणी गळत गळत कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर गेले. तिथं हा सहा-सात पोरांत बसून हसत होता. मी पँट त्याच्या मांडीवर फेकली.

"घे! तुझी आई घासतीया ही. सोललेल्या हातांनी. एक पाय झालाय, ऱ्हायलेला तू कर, न्हायतर असाच घालून फिर."

कुणी हसलं नाही. तो लालबुंद झाला. मी वळून घरी आले, आणि पायातली चप्पल काढायच्या आत आई माझ्यावर तुटून पडली.

"चारचौघांत पोराची आब्रू घालवलीस? काय म्हनतील पोरं त्याला?"

"आनि तुझं हात?"

"हाताला काय धाड भरलीया! हात येत्यात की बरं."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भावाशी बोलली. त्याला ताटात तूप जास्त वाढलं. बाबा कारखान्यातून पाळी करून आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "एका पँटीपायी एवढं कशाला?" मी कळशी उचलून पाण्याला गेले. बोलले असते तर थांबले नसते.

दुसरा पाय भावानं स्वतः घासला, तीन रविवार, माझ्याकडं पाठ करून. पँट देखणी झाली, हे कबूल करते. पुढं कितीतरी वर्षं त्यानं ती घातली. आईचे हात भरून आले, पण दर हिवाळ्यात त्याच बेचक्यांना भेगा पडायच्या आणि ती म्हणायची, थंडी लई पडलीया. भावावरचा माझा राग केव्हाच निवळला. तो तसा वाईट नव्हता, कुणी सांगितलं असतं तर शिकला असता. आईवरचा मात्र निवळला नाही. त्या शनिवारी मी कट्ट्यावर गेले ते चुकलं, असं म्हण, एवढं तिनं मला अनेकदा सांगितलं. मी म्हटलं नाही.