लाइट धरणाऱ्या बाई

उत्तरेश्वर घोडके सांगत, की आपण सहाशे बारा लग्नं लावली. लावली अर्थातच गुरुजींनी. घोडक्यांनी नुसतं शूटिंग केलं. पण त्यांचा दावा अगदीच पोकळ नव्हता. 'गुरुजी, हार कॅमेऱ्यात नीट आला नाही,' असं घोडके म्हणाले, की नवरानवरी मुकाट्यानं हार काढून पुन्हा घालत आणि गुरुजी घड्याळाकडे काणाडोळा करत. पंच्याऐंशी साली बार्शीहून आलेला हा माणूस शनिवार पेठेत दीड खोलीत राहायचा. कार्यालयात मात्र वधूपित्यापेक्षा त्याचाच शब्द चालायचा.

यांतल्या बहुतेक लग्नांत त्यांच्यासोबत एकच माणूस कायम असे, त्यांची बायको द्वारका. लाइट धरायला ठेवलेला गडी नेमका पंगतीच्या वेळी गायब होतो, म्हणून घोडक्यांनी एकदा तिला नेलं, आणि मग तीच जायला लागली. तो तापलेला दिवा उंच धरून ती हळदीपासून पाठवणीपर्यंत उभी राही. मनगटावर भाजल्याचे डाग पडले, तेव्हा बांगड्या जरा वर सरकवल्या, एवढीच काय ती तिची कुरकुर. दोन हजारच्या जानेवारीत कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. घोडक्यांनी कॅमेरा विकून टाकला.

भिंतीवर तिचा फोटो होता. त्यात ती परीक्षेला बसल्यासारखी ताठ. बोलताना ती मान जराशी कलती करायची, हसू आलं की पदर तोंडाशी न्यायची, त्यातलं त्या फोटोत काही नव्हतं. शेकडो लोकांच्या मुली घोडक्यांनी हसताना-रडताना टिपल्या, आणि जिच्या उजेडात त्या दिसल्या ती एकाही कॅसेटमध्ये नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं ते ती गेल्यावर. लाइट धरणारा कॅमेऱ्याच्या मागेच असायचा, त्याला कोण काय करणार, असं ते मनाला समजावत. मन ऐकत नसे.

पण एक लग्न होतं. त्यात नवरीच्या आईनं मध्येच हाक मारली होती, "अहो बाई, सकाळपासून दुसऱ्यांवर उजेड धरून उभ्या आहात. या, तुमची ओटी भरते." लाइट कुणाच्या तरी हातात देऊन द्वारका पाटावर बसली. पदर पसरला, नारळ घेतला आणि कॅमेऱ्याकडे बघून अशी लाजली, की घोडक्यांना हसू आवरेना. कॅमेरा तेव्हा चालू होता, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. लग्न कुणाचं, ते काही केल्या आठवत नव्हतं.

त्यांच्या आयुष्यात अभिनव आला तो या सुमारास. अभिनव देवस्थळी, वय सव्वीस, कोथरूडला एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये ऑफिस. तैवानहून एक कार्ड मागवायचं त्याच्या मनात होतं. घरच्या कॉम्प्युटरमध्ये ते बसवलं आणि व्हीसीआर जोडला, की जुन्या कॅसेटमधलं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरतं. पण पाचशे कार्डं मागवण्याआधी लोकांना ती हवीत का, हे बघायला हवं होतं. त्यासाठी घरोघर जाऊन फॉर्म भरणारा माणूस पाहिजे होता. घोडके मुलाखतीला आले ते लग्नांची वही घेऊनच. तारीख, नवरानवरी, पत्ता, सगळं ओळीनं.

"काका, हा तर रेडीमेड डेटाबेस आहे!" अभिनव उडालाच. "कॅसेट आहे हे कन्फर्म असलेली सहाशे घरं!"

घोडके मान डोलावत राहिले. त्यांना पगार नको होता असं नाही, पण खरं कारण त्यांनी त्याला सांगितलं नाही. नुसतंच कुणाच्या दारात जाऊन 'माझी बायको तुमच्याकडे आहे का' असं विचारायची त्यांची छाती झाली नसती. फॉर्म हातात असला की विचारता येणार होतं.

फॉर्मवर नऊ प्रश्न होते. घरी कॉम्प्युटर आहे का, कॅसेट किती, कार्ड आल्यास घ्याल का, वगैरे. दहावा प्रश्न घोडके तोंडी विचारत, "आणि आपल्या लग्नात लाइट धरणाऱ्या बाईंची ओटी भरली होती का?"

"हा प्रश्न फॉर्मवर कुठे दिसत नाही तो?" सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त मास्तरांनी चष्मा वर करून विचारलं.

पुणेकरांनी कार्डाचं स्वागतही तितक्याच उत्साहानं केलं. "लग्न एकदा झालं तेवढं पुरे झालं, आता कॉम्प्युटरवर कशाला?" असं एका गृहस्थांनी बायकोच्या देखत सांगितलं. कुणाच्या कॅसेटला बुरशी लागली होती. कुणी सप्तपदीवर क्रिकेटची मॅच रेकॉर्ड केली होती, आणि वर घोडक्यांनाच कौतुकानं सांगितलं, की तुमची कॅसेट मोठी टिकाऊ हो. एका घरात दार उघडलेल्या बाईंनी नवऱ्याचं नाव ऐकून दार लावून घेतलं. घोडके रोज संध्याकाळी वहीतल्या दहाबारा नावांवर काट मारत. जन्मभर केलेलं काम लोकांनी माळ्यावर टाकलंय, याचं त्यांना वाईट वाटत होतं. पण उरलेली नावं कमी होतायत, याची भीती त्याहून मोठी होती.

दोनशे एकोणचाळिसावं घर कोथरूडला होतं, सुनीती गद्रे यांचं. दहावा प्रश्न ऐकून त्या जागच्या जागी थांबल्या.

"हो, भरली होती की! माझ्या आईनं. सासरची माणसं हसली होती तिला, लाइटवालीची कुणी ओटी भरतं का म्हणून." मग म्हणाल्या, "आई गेली हो चार वर्षांपूर्वी. आमचा व्हीसीआर बंद पडलाय, नाहीतर बघितलं असतं."

घोडक्यांनी कसंबसं ऑफिसचं सांगितलं. तिथे व्हीसीआर होता, नमुन्याचं कार्ड बसवलेला कॉम्प्युटर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीतीताई कॅसेट घेऊन आल्या. घोडके त्यांच्या आधी तासभर येऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून. अभिनवला वाटलं, काका गिऱ्हाईक घेऊन आले. तो खुशीत होता.

पडद्यावर लग्न सुरू झालं. घोडक्यांनी शूटिंगवर नंतर सनई चढवलेली, त्यामुळे माणसांचे नुसते ओठ हलत होते. मंगलाष्टका झाल्या. सूनमुख झालं. आणि सुनीतीताईंच्या आई दिसल्या, हातात ताट, ताटात नारळ आणि हिरवा खण. कॅमेऱ्याच्या शेजारी कुणाकडे तरी बघून त्या काहीतरी बोलल्या, हसल्या, हातानं 'या' म्हणाल्या.

घोडके खुर्चीतून अर्धवट उठले.

पडद्याच्या मधोमध एक बदाम उमटला, एक प्रसंग संपवून दुसरा दाखवताना घोडके टाकत तसा. मोठा होत होत त्यानं त्या माउलीला झाकलं, आणि बदामातून पंगत निघाली. श्रीखंड वाढणं चाललं होतं.

"अहो, ओटी कुठे गेली?" सुनीतीताईंनी विचारलं. "अभिनव, पुढे गेलं का? मागे घ्या ना जरा."

अभिनवनं मागे घेतलं. पुन्हा ताट, पुन्हा 'या', पुन्हा बदाम, पुन्हा श्रीखंड.

"तुमच्या कार्डाचा काही दोष?"

"कार्ड चांगलं आहे, ताई," घोडके म्हणाले. "कॅसेटमध्येच नाहीये ते. मी कापलंय."

"मग मूळ शूटिंग असेल ना काका?" अभिनव म्हणाला. "ओरिजिनल?"

"ती कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरायची. सगळेच वापरायचो."

सनई वाजतच होती. ती बंद करायचं कुणाला सुचलं नाही. सुनीतीताईंनी हळूच विचारलं, "पण का कापलंत हो?"

घोडके पडद्याकडे बघत होते. त्यांना आता सगळं लख्ख आठवत होतं, ते शनिवार पेठेतल्या खोलीत रात्रंदिवस एडिटिंग करत बसलेले आणि द्वारका दारात.

"तिनंही विचारलं होतं," ते म्हणाले. "कॅसेट तयार झाली तेव्हा म्हणाली, 'अहो, माझं आलंय का त्यात?' मी म्हटलं, 'गिऱ्हाइकाच्या लग्नात आपलं काय काम?' तर म्हणाली, 'तेही खरंच.' आणि लाइटची वायर गुंडाळायला लागली."