बर्फावर धरलेले हात

मित्रहो, आज दुपारी महागावले ताईकडं गेलतो अन् डोकं फिरवून घरी आलो.

ताई अन् जिजाजी कालच हिमाचलातून बर्फातला ट्रेक करून परत आले. जिजाजी शेजाऱ्यांले मोठ्या कौतुकानं व्हिडिओ दाखवून राह्यले होते. दोन दिवस पडलेल्या ताज्या बर्फाचा उभा उतार, अन् तिथला गाइड ओरडून सांगते, "एक-एक करके जाओ, बाकी लोग यहीं रुको."

ताई-जिजाजीच्या बारा जणांच्या ग्रुपनं काय केलं? पुराच्या नाल्यात धरतो तशी हातात हात धरून साखळी केली. मधात ताई. अर्ध्यात गेल्यावर पायाखालून धप्प आवाज आला, वर बर्फात लांब भेग पडली. नशिबानं बर्फ सुटला नाही, अन् हे सगळे हसून राह्यले.

मी म्हटलं, "जिजाजी, गाइडचं काहून नाही ऐकलं? बारा जणांचं वजन एकदम पडलं तर सगळा बर्फ खाली सुटते."

"आपण आपल्या माणसाचा हात सोडत नसतो," जिजाजी म्हणाले. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या.

अरे, नाल्यात साखळी माणसाले वाचवते. बर्फावर तीच साखळी सगळ्यांले एकाच वेळी गाडते. गाइड काय येडा होता?

ताईनं हळूच विचारलं, "मंग बाकीच्यांनी लांब कायले उभं राहाचं?"

"तुले उकरून काढाले, ताई."

जिजाजीनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाले समजवाचं कसं?