हिमायतची आढी आणि एक न उघडलेली वही

आंबा पिकवणं मला कुणी शिकवलेलं नाही. वाचून, विचारून, वहीत नोंदी ठेवून मी ते स्वतःच शिकलो. तरी गेल्या वर्षी माझी हिमायत या इथल्या आंब्याची आढी बिघडलीच. आंबे वरून पिवळेधमक आणि देठाशी काळे. यंदा चूक परवडणार नव्हती. लेकीच्या सासूबाई, मालतीताई, पुढच्या रविवारी रत्नागिरीहून पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होत्या आणि मी फोनवर बोलून बसलो होतो, "आमचा हिमायत खाल तर हापूस विसराल!"

"पिकलेले विकत आणा आणि गप्प बसा," बायको म्हणाली. तरी आढी नीट कशी लावतात ते पाहायला मी शनिवारी सकाळी सहाला विद्यानगरहून गाडी काढली.

एल. बी. नगरपर्यंत सहाला रस्ता मोकळा असतो. आठनंतर निघालात तर मला दोष देऊ नका. हयातनगरला गाडी थांबवून इडली आणि शेंगदाण्याची पातळ चटणी खाल्ली. चाळीस रुपयांत पोट भरतं. पुढे विजयवाडा रस्त्यावर फळांची मंडी आहे. तिथले एक व्यापारी, सलीमभाई, यांनी मला गॅसवर आंबे पिकवायची थंड खोली दाखवली. मी खिशातून माझा तापमापक काढला.

"क्या साब, मशीन पे भरोसा नै?"

"है, पर इसपे ज्यादा है."

अठरा अंश. मशीनही तेच दाखवत होतं, हे मान्य करतो. सलीमभाई हसले. "ये खोली बेनिशान आम की है. हिमायत का छिलका पतला, घास में पकाना. आगे बाग है, यादगिरी कू पूछो."

बाग अर्ध्या तासावर आहे. शेवटचे तीन किलोमीटर मातीचा रस्ता आहे, गाडी बुटकी असेल तर जपून. साठीचे यादगिरी लांब काठीला जाळी लावलेल्या झेल्याने आंबे उतरवत होते. प्रत्येक आंब्याला दोन बोटं देठ ठेवलेला. मग सावलीत देठ कापून आंबे बाजेवर उलटे ठेवायचे, म्हणजे चीक खाली टपकतो आणि सालीला लागत नाही. मी मात्र आंबे पेटीत नीट बसावेत म्हणून देठ मुळापासून मोडत होतो! शिवाय रोज प्रत्येक आंबा उचलून, दाबून वहीत नोंद करत होतो. हे मी जरा अभिमानानेच सांगितलं.

यादगिरींनी आपल्या बायकोला हाक मारली. "लक्ष्मम्मा, ये साब रोज उठाके देखते कते!"

"दम की बिर्याणी भी घडी घडी खोलते क्या, साब?" ती म्हणाली.

मी आंबे निवडायला घेतले.

भाव मंडीपेक्षा फार कमी नव्हता, पण इथे निवडून घेता येतं. देठाजवळचे खांदे भरलेले चाळीस आंबे घेतले, पेंढाही त्यांनीच दिला. घरी लाकडी पेटीत पेंढा, आंबे, पुन्हा पेंढा असे थर लावले. आंब्याला आंबा लागू दिला नाही. वर गोणपाट टाकलं. यादगिरींची ताकीद होती, आठ दिवस हात लावायचा नाही.

बुधवारी वास सुटला. वही कोरीच होती. गुरुवारी बायको सुलतान बाजारात गेली आणि मी गोणपाटाचा एकच कोपरा उचलला. फक्त तीन आंबे दाबले. नोंद केली नाही.

रविवारी मालतीताईंसमोर पेटी उघडली. सदतीस आंबे सोन्यासारखे निघाले. कोपऱ्यातल्या तिन्हींवर मात्र एकेक काळा गोल डाग होता. मालतीताईंनी एक आंबा उचलून डाग निरखला, मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"व्याहीबुवा, हा अंगठा तुमचाच ना?"

बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी कबूल केलं.

रसाची दुसरी वाटी पुढे करत मालतीताई म्हणाल्या, "हापूस काही विसरले नाही हं. पण वाढा. आणि एक सांगते, आमच्याकडे आढीच्या खोलीला कुलूप असतं. किल्ली पुरुषांच्या हाती देत नाहीत."

उरलेले पिकले आंबे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार दिवस छान टिकले. कच्चे ठेवू नका, ते पुढे पिकतच नाहीत.

सोमवारी बेगम बाजारातून एक पितळी कुलूप आणलं. तीन दुकानं पाहून, नीट पारखून. किल्ली बायकोकडे आहे. कुठे ठेवली, ते मी विचारलेलं नाही.