दुसऱ्या नंबरचा उमेदवार

मेधाचा फोन आला तेव्हा मी डब्लिनमधल्या ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. "भाऊजी, शिरीषला हार्ट अटॅक आला... संपलं सगळं." मी डबा पुन्हा बंद केला. बावन्न वर्षांचा माझा मित्र, मेधाचा नवरा, गेला होता आणि मला राग येत होता तो याचा, की नॉर्वेचं उत्तर अजून यायचं होतं.

शिरीष डब्लिनबाहेरच्या नावन गावाजवळ एका कारखान्यात स्कॅनिंगची यंत्रं तपासायचा. माणसाच्या पोटातलं चित्र स्वच्छ कसं दिसेल, हा त्याचा ध्यास. गणपतीतला ग्रुप फोटो दाखवला तरी आधी काँट्रास्टला नावं ठेवायचा. पुण्यात असताना पीएच.डी. राहून गेली, ही जुनी सल. मग कुठूनसं त्याला कळलं, की नॉर्वेच्या विद्यापीठांत पीएच.डी. म्हणजे चक्क नोकरी असते. जाहिरात निघते, पगार मिळतो. झालं! शिफारसपत्रासाठी त्यानं मलाच धरलं.

"अरे, मी सॉफ्टवेअरवाला. मला इमेजिंगमधलं काय कळतं?"

"माझ्यातलं कळतं ना? तेवढं लिही."

पहिला इंटरव्ह्यू हुकला. इतकी वर्षं आयर्लंडमध्ये काढून आम्हाला एकच हिशेब येतो, पुण्यात आत्ता किती वाजले असतील. नॉर्वे आपल्या एक तास पुढे आहे, हे या बहाद्दराच्या ध्यानातच आलं नाही. कोट चढवून तो बरोबर दहाला कॅमेऱ्यासमोर बसला. तिकडे अकरा वाजले होते आणि मंडळी उठून गेली होती. "आह डॅड, यू'ल बी ग्रँड," म्हणजे होईल सगळं ठीक, असं खास आयरिश थाटात म्हणत लेकीनं पाठ थोपटली. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात नॉर्वेच्या वेळेचं घड्याळ लागलं. मेधाचा कुकर पुढे महिनाभर तासभर आधीच चढत होता.

दुसऱ्या विद्यापीठाचा इंटरव्ह्यू मात्र झकास झाला. तिथली रीत अशी, की निवड समितीचा अहवाल उमेदवारांनाही वाचायला मिळतो. शिरीष दुसरा होता. पहिली कोणी एक मुलगी. ती नको म्हणाली तरच याचा नंबर. दुसरा एखादा चरफडला असता, हा संकष्टी धरायला लागला. "तिचं वाईट नाही चिंतायचं रे. बाप्पाला सांगितलंय, तिला याहून चांगली जागा दे." एका अनोळखी मुलीच्या करिअरसाठी हा जाडा माणूस डब्लिनमध्ये उपाशी बसायचा, चंद्राची वाट बघत... आणि इथल्या ढगांत चंद्र दिसतो कुठे! मी पोट धरून हसायचो. "पोरीचं भलं होईल, तू मात्र साबुदाणा खाऊन मरशील," असं एकदा म्हणालोही होतो. ते वाक्य आता मला परत घेता येत नाही.

तीन आठवड्यांनी मेधानं घरी बोलावलं. ईमेल आला होता. त्या मुलीला दुसरीकडे अधिक चांगली जागा मिळाली होती आणि श्री. शिरीष यांना निवड झाल्याचं कळवताना विद्यापीठाला आनंद होत होता. उत्तर मी लिहावं, असं मेधाचं म्हणणं पडलं. शिफारसपत्राची दोन पानं मी एका बैठकीत लिहिली होती. या दोन ओळींना अख्खी दुपार गेली.

पाठवून उठलो तर समोर ते घड्याळ. निदान काटे तरी मागे करून ठेवावेत, म्हणून मी स्टूल ओढलं.

"राहू द्या भाऊजी," कुकर लावता लावता मेधा म्हणाली. "आत्ता कुठे नंबर लागलाय त्याचा."