आबांनी संपवलेली आमटी

फ्रीज बंद पडला तेव्हा मेकॅनिकने कॉम्प्रेसरवर दोन टिचक्या मारल्या आणि नवीनच घ्या म्हणाला. मी जुना भंगारवाल्याला देऊन टाकला आणि नवीन घेतला नाही. घरात माणसं दोन, मी आणि माझे वडील. मी इथल्याच एका शाळेत क्लार्क आहे. लग्न टिकलं नाही, आणि त्याविषयी इथे बोलायचं नाही. आई गेल्यावर आबांना मी सोलापुरात आणलं. भाऊ पुण्याला असतो, त्याने लगेच फोनवर सांगितलं, तुझ्यासाठी नवा फ्रीज पाठवतो. मी नको म्हटलं. माझ्या घरात काय असावं ते मी ठरवेन, एवढाच माझा मुद्दा होता. त्यावर तो म्हणाला, मग उन्हाळ्यात आबांना इकडे पाठव, तिथे शिळंपाकं खाऊन म्हातारा माणूस आजारी पडायचा.

हे मला लागलं. आबा एकदा पुण्याला राहून आले होते. अकराव्या मजल्यावर पंधरा दिवस. परत आले तेव्हा विचारलेल्या प्रश्नाला मान हलवायचे, बोलायचे नाहीत. हळूहळू बोलते झाले ते आमच्या गल्लीतल्या कट्ट्यावर, अक्कलकोटकडच्या एका म्हाताऱ्याशी अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलून. त्यांना परत त्या अकराव्या मजल्यावर पाठवायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

मग मी कंबर कसली. खिडकीखाली लोखंडी घमेल्यात वाळू भरली, त्यात माठ रोवला, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. लिंबं आणि काकड्या त्या वाळूत. कोथिंबीर मुळांसकट पेल्यात. मिरच्यांचे देठ काढून कागदात. दूध सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला असं तीनदा तापवायचं आणि पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायचं, म्हणजे मुंग्याही येत नाहीत. उरलेल्याला विरजण. दह्याचं दुपारपर्यंत ताक झालंच पाहिजे. भाजी रोज, आणि दोघांपुरतीच. टोपलीत एकही टोमॅटो दोन दिवस राहिला नाही.

खरं शिक्षण आबांनी दिलं. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. दिवाळीनंतर घर सोडायचं ते पावसाच्या तोंडावर परतायचं. मी गोणपाट भिजवताना ते कौतुकाने बघायचे आणि म्हणायचे, "मेंढरामागं फ्रीज कुटं व्हता?" ज्वारीच्या भाकऱ्या पापडासारख्या पातळ थापून, तव्यावर खडखडीत होईपर्यंत शेकून फडक्यात बांधायच्या, त्या महिनाभर खराब होत नाहीत. शेंगाचटणीला पाण्याचा हात लावायचा नाही. आणि जीभ. आबांची जीभ म्हणजे यंत्र होतं. भाजीचा एक घास तोंडात घेतला की सांगायचे, हे रात्रीपर्यंत टिकंल, हे न्हाय टिकायचं. विटलं या शब्दाला ते इटलं म्हणायचे. पहिल्या महिन्यात शाळेतून येऊन मी आधी त्यांच्यापुढे वाटी धरायची, ते चव बघायचे, आणि मग मी जेवायची.

मे महिन्यात भाऊ चार दिवसांसाठी आला. आला म्हणजे तपासायला आला, हे तिघांनाही ठाऊक होतं. उंबऱ्यातूनच त्याने माठाकडे, वाळूकडे पाहिलं आणि हसला. मला चेव चढला. पहिल्याच दिवशी मी पुरणपोळी केली आणि डाळीवरचं पाणी काढून येळवणीची आमटी. आमच्याकडे ही आमटी दुसऱ्या दिवशी खरी लागते असं मानतात. मसाला मुरतो, चिंच उतरते. भावाला लहानपणापासून दुसऱ्या दिवशीचीच आवडते. म्हणून मी मुद्दाम जास्त केली. सोलापूरच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या घरात, डाळीच्या पाण्याची आमटी मी दुसऱ्या दिवसासाठी ठेवली. दाखवायचं होतं ना मला.

सकाळी उकळी आणली. वास घेतला तर गरम मसाल्याचाच आला. चव घेतली तर आंबट लागली, पण ती तर चिंचेने आंबट असतेच. दुपारी दोघांना जेवायला वाढलं. भावाचा मोबाइल वाजला म्हणून तो ताटावरून उठून खिडकीशी बोलत उभा राहिला. आबांनी वाटी तोंडाला लावली, क्षणभर थांबले, आणि सगळी पिऊन टाकली. आणखी मागितली. मग भावाच्या ताटातली वाटीही ओढून घेतली, आणि पातेल्यात उरलेली सगळी वाढ म्हणाले. भाऊ येऊन बसला तोवर आमटी संपली होती. लहानपणीही असंच व्हायचं म्हणत त्याने चटणीशी पोळी खाल्ली. मी ओट्याशी उभी राहून हरखले होते. म्हाताऱ्या माणसाने एवढी आमटी आवडीने खाल्ली, आता काय बोलशील, असं मनात म्हणत होते.

संध्याकाळी आबांना उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. गल्लीच्या तोंडावरच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं. सकाळी आबांना घरी आणलं तेव्हा त्याने मोबाइल पुढे करून दाखवला. उद्या दुपारच्या पुण्याच्या गाडीची दोन तिकिटं, त्याचं आणि आबांचं.

तो औषधं आणायला बाहेर गेल्यावर मी आबांच्या उशाशी बसले. त्यांच्या जिभेला कळलं नसेल हे मला पटत नव्हतं. विचारलं. ते छताकडे बघत म्हणाले, "आंबट व्हती. चिंचंचं आंबट न्हवं, दुसरं."

"मग खाल्लीत कशाला?"

"त्यो हितंच व्हता की. त्यानं खाल्ली असती तर त्याला कळलं असतं."

मला भयंकर राग आला. त्यांचा नाही, माझा. आबांना ठेवून घ्यायचं म्हणून मी हे सगळं मांडलं होतं, आणि माझी लाज राखायला ते विटलेलं पिऊन मोकळे झाले होते. म्हातारा माणूस त्यात गेलाही असता.

भाऊ परत आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. आमटी मी ठेवली, चूक माझी, आणि त्यांनी ती का संपवली तेही. फ्रीज आजच आणू म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून निघेल असं त्यालाही वाटलं नसावं. त्याने औषधाची पिशवी खिडकीत ठेवली.

"आता फ्रीजचा प्रश्न राहिलाच नाही, आक्का. काही बिघडलं तरी ते तुला सांगणार नाहीत."

हे खरं होतं. मी त्यावर भांडले नाही. आबांकडे गेले आणि त्यांना सरळ सांगितलं, "आबा, तुम्हाला ठेवून घ्यायला मी कुणाशीही भांडेन. पण वाईट लागलं आणि तुम्ही गिळलंत, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. समोर कुणीही बसलेलं असो." त्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. गाडीला दीड तास होता. डॉक्टरांनी दहीभात सांगितला होता. दवाखान्याच्या धावपळीत दूध तापवायचं चुकलं होतं, त्याच दुधाला मी विरजण लावलं होतं आणि सकाळी ते बघायचं राहून गेलं होतं. मी भात मऊ कालवला, वाटीत दही वाढलं आणि समोर ठेवलं. भाऊ शेजारीच बसला होता, मोबाइलवर गाडीची वेळ बघत.

आबांनी बोटाने दही चाटलं. थांबले. एकदा भावाकडे बघितलं, एकदा पिशवीकडे. मला वाटलं, आता पुन्हा तेच. त्यांनी वाटी दोन बोटांनी ताटाबाहेर सरकवली, माझ्या दिशेने.

"इटलंय हे," ते म्हणाले. "भात दे नुसता, मीट घालून."

भावाने वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मग आबांकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्याने दाराशी जाऊन पिशवी उचलली, आत आणून पलंगाखाली सरकवली, आणि पाणी मागितलं.

मी ती वाटी मोरीत उपडी केली. पूर्ण वाटीभर दही होतं. ते वाहून जाताना बघत मी तिथेच रडत उभी राहिले, आणि आत आबा आणखी भात मागत होते.